लसूण न खाणारी

मोठीला लसूण लहानपणापासून चालायची नाही. एखादी पाकळी चुकून दाताखाली आली तरी ती घास थुंकून टाकायची. आई म्हणायची, "नाकाने कांदे सोलायची हौस हिला जन्मापासूनच." तरीही पस्तिशी गाठायच्या आत तिचं नाव लसणी पडलं, आणि ते पाडणाऱ्यांत तिची सख्खी बहीण सगळ्यांत पुढे होती.

घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. खाली टायर दुरुस्तीची दुकानं, त्यामुळे खिडकी उघडली की जळक्या रबराचा वास. बाप फार लवकर गेला होता. आई आणि दोन मुली. आईचा सगळा जीव धाकटीवर. धाकटी गोरी, बोलकी, हसली की गालाला खळी पडणारी. मोठी अबोल, रुंद हाडाची, बापाच्या वळणावर गेलेली, आणि बापाशी आईचं कधी पटलंच नव्हतं. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात तसं होतं. मोठीने फरशी पुसली तर ती ओली राहायची, धाकटीने ओला टॉवेल पलंगावर टाकला तर ती दमलेली असायची.

घर मोठीच्या कामावर चालायचं. गॅरेजांच्या ओळीमागे एका लांबट शेडमध्ये भिंगं बनवायचा कारखाना होता, तिथे ती लागली होती. ही भिंगं चष्म्याची नव्हेत. पत्रा, लाकूड, कातडं कापणाऱ्या लेझर मशीनच्या तोंडाशी ती बसवतात. पहिल्या दिवशी सुपरवायझरने एक चकती तिच्या तळहातावर ठेवली होती. आरपार दिसणारी, पिवळी, थेट चोखून पातळ झालेल्या लिमलेटच्या गोळीसारखी.

"काच आहे?" तिने विचारलं होतं.

"काच नाही, म्हणून तर महाग आहे. झिंक सेलेनाइड. जस्त आणि सेलेनियम. मशीनचा किरण डोळ्यांना दिसत नाही, नुसती आग असते ती. साधी काच तिला भेदता येत नाही, काच स्वतःच तापून फुटते. ह्यातून मात्र ती सरळ निघून जाते."

"खाणीतून येतं हे?"

"खाणीत शोधायला गेलीस तर म्हातारी होशील. जमिनीत हे नावालाच आहे. दुसऱ्या धातूंच्या दगडात कुठेतरी करडे ठिपके असतात म्हणे, तेही भिंगाखाली धरले तर दिसणारे. हे सगळं भट्टीत बनतं. जस्ताची वाफ आणि एक विषारी वायू एकत्र सोडतात, आणि दिवसेंदिवस थर चढत जातो. आपल्याकडे तयार चकत्या येतात. आपण घासायचं, चमकवायचं. आणि हे बघ, नखाने ओरखडा पडेल इतकं मऊ आहे. पाडलास तर माझ्याकडे येऊ नकोस, थेट घरी जा."

मोठीने कधीच ओरखडा पाडला नाही. तिच्या बोटांना उपजत कळायचं, किती दाबायचं आणि कुठे सोडायचं. वर्षभरात तिला कडा घासायच्या चाकावर बसवलं. भिंगाचा गुळगुळीत भाग बाकीच्या बायका ओल्या राळेवर पॉलिश करत, तिथे भुकटी उडत नसे. कडेचं चाक मात्र कोरडं चालायचं. त्याला पाण्याचा पंप लावायचा असतो हे मालकाला माहीत होतं. पण पाण्याचे शिंतोडे उडून शेजारची तपासणीची टेबलं खराब होतात म्हणून त्याने तो लावलाच नाही. मोठीच्या तोंडावर रुमाल आणि हात उघडे. हातमोजे घातले की बोटं आंधळी होतात, असं सुपरवायझर म्हणायचा, आणि तिला ते पटायचं. संध्याकाळी रुमाल झटकला की त्यातून पिवळी भुकटी पडायची, जणू फुलातून पराग झडावा तशी.

काही वर्षं काहीच झालं नाही. मग तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव राहू लागली, आणि एके दिवशी आई म्हणाली, "आज बाहेर काय चरून आलीस?"

"काही नाही."

"काही नाही कसं? लसणीचा भपकारा येतोय तुझ्या तोंडाला."

मोठीने दात घासले. बडीशेप चावली. मीठपाण्याने घसा खरवडला. वास तोंडात नव्हताच, तो श्वासात होता. आतून, फुप्फुसातून येत होता. डॉक्टरने दात बघितले, जीभ बघितली, आणि लसूण कमी करा म्हणून सांगितलं. ती म्हणाली, मी खातच नाही. डॉक्टरने कंपाउंडरकडे बघून डोळा मारला. आईने तर घरातली लसूणच बंद केली आणि मग मोठीच्या उशीखाली, पर्समध्ये, कोटाच्या खिशात हात घालून शोधू लागली. काही सापडलं नाही, तेव्हा तिने जास्तच धसका घेतला. "चोरून खातेस ते खातेस, वर लपवतेस किती हुशारीने!" त्यानंतर मोठीचं ताट बाहेरच्या खोलीत, दाराजवळ ठेवलं जाऊ लागलं.

ह्याच सुमाराला धाकटी कामाविना घरी बसली होती. कापडाच्या दुकानातली तिची नोकरी सुटली होती. मोठीने सुपरवायझरचे चार वेळा पाय धरले आणि धाकटीला तपासणीच्या टेबलावर लावून घेतलं. दिव्याखाली भिंग धरायचं, डाग शोधायचे, कापसाने पुसायचं. बसून करायचं स्वच्छ काम.

पहिल्या सकाळी दोघी निघाल्या तेव्हा कोपऱ्यावर धाकटी थांबली. "ताई, तू पुढे जा. मी मागून येते."

"का गं?"

"एकदम दोघी गेलो तर लोक म्हणतील, वशिल्याने आली."

मोठीला ते खरं वाटलं. पुढे रोजच ती चार पावलं आधी जाऊ लागली.

कारखान्यात वास सगळ्यांना जाणवत होता, पण आतापर्यंत तोंडावर कोणी बोललं नव्हतं. दोघी बहिणी आहेत हे सुपरवायझरशिवाय तिथे कोणाला माहीत नव्हतं. धाकटीला भीती होती की एक दिवस कोणीतरी म्हणेल, ही तुझी बहीण ना? म्हणून तिने आपणच आधी वार केला. मोठी टेबलाजवळून ट्रे घेऊन गेली, तशी धाकटी घशाशी हात नेऊन खोटं खोटं खोकली. शेजारच्या दोघी हसल्या. दुसऱ्या दिवशी त्याही खोकल्या. आठवड्याभरात तो रिवाजच झाला. लसणी आली की सगळी शेड ठसका लागल्यासारखी खोकायची, आणि सुपरवायझर गालातल्या गालात हसत म्हणायचा, "फोडणी पडली वाटतं." मोठी मान खाली घालून चाकाकडे जायची. घरी आल्यावर एकदाच ती धाकटीला म्हणाली, "तू तरी नको करूस." धाकटी केस विंचरत होती. आरशातूनच म्हणाली, "मी नाही केलं तर त्यांना कळेल ना."

मग मोठीच्या नखांवर पांढऱ्या आडव्या रेघा उमटल्या. कंगव्यात केसांचं गुंतवळ येऊ लागलं. एका दुपारी उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख चाकापाशीच सुटून आलं, रक्त न येता, वाळलेल्या सालीसारखं. तिने ते खिशात टाकलं आणि काम चालू ठेवलं. पुढे आणखी गेली. नखांशिवाय भिंग कडेने उचलता येत नाही, बोटांचे ठसे पडतात. मालक स्वतः येऊन तिचे हात बघून गेला, आणि सुपरवायझरला म्हणाला, "हिला मागे धुण्या-पुसण्यावर टाक. आणि पाहुण्यांसमोर आणू नकोस." चाकावर नवी बाई बसली. मोठी सिंकचा पिवळा गाळ उपसू लागली.

त्या वर्षी मशीनची गरम झालेली बेअरिंगं तपासायला एक तंत्रज्ञ यायचा. उंच, जरा पोक काढून चालणारा, स्वभावाने साधा. त्याच्याजवळ उष्णता दाखवणारा कॅमेरा होता. जेवणाच्या सुट्टीत त्याने बायकांना गंमत दाखवली. धाकटीने चेहऱ्यापुढे साधी काच धरली, तर पडद्यावर काळा चौकोन, चेहरा गायब. मग त्याने तिच्या हातात पिवळी चकती दिली. ती चेहऱ्यापुढे धरताच चकतीएवढ्या गोलात तिचे गाल, ओठ, पापण्या नारिंगी होऊन उजळले.

"बघा, तुमची ऊब ह्यातून लपत नाही," तो म्हणाला आणि स्वतःच लाजला.

बायकांनी एकच गलका केला. त्या दिवसापासून तो बेअरिंग ठीक असलं तरी येऊ लागला. एकदा बोलता बोलता मागच्या दाराशी बादली घेऊन उभ्या असलेल्या मोठीकडे त्याचं लक्ष गेलं. ती धाकटीकडे कौतुकाने बघत होती.

"त्या तुमच्या कोणी आहेत का? चेहऱ्यात काहीतरी सारखं वाटतं."

"ती?" धाकटी हसली. "ती गाळ काढते. माझ्यासारखी दिसते म्हणता? आज तुमचा कॅमेरा नाही, डोळे तपासायला हवेत."

मोठीने बादली उचलली आणि मागे गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कारखान्यात मोठं गिऱ्हाईक येणार म्हणून धावपळ उडाली. फरशा घासल्या, खिडक्या बंद करून एसी लावला. सुपरवायझरने मोठीला मागच्या अंगणातल्या खोक्यांच्या छपरीत बसायला सांगितलं. "पाहुणे जाईपर्यंत आत पाऊल टाकू नकोस. आज तुझा दरवळ नको." ती जाऊन बसली. पाहुणे यायच्या आधीच आत सिंक तुंबला. रोज तो तीच हाताने उपसून मोकळा करायची. आज उपसणार कोण? सुपरवायझरने संडास धुवायची ॲसिडची बाटली आणली आणि निम्मी गाळात ओतली. चकत्यांच्या प्रत्येक डब्यावर ॲसिडपासून दूर ठेवा असं छापलेलं असायचं. त्याने ते इतक्या वेळा बघितलं होतं की आता ते त्याला दिसतच नव्हतं.

गाळ फसफसला. खोलीत वास पसरला. कुजलेल्या मुळ्याचा आणि लसणीचा, घाणेरडा. आणि सगळ्या शेडमध्ये हशा उसळला.

"गेली तरी वास ठेवून गेली!"

"मागच्या दारावरची झडप लावा गं, तिकडूनच येतोय."

झडप धाकटीनेच उठून लावली. तिचं टेबल सिंकच्या सगळ्यांत जवळ होतं. थोड्या वेळाने वास येईनासा झाला. हा वायू असाच, आधी नाकच मारून टाकतो. त्या म्हणाल्या, "बघा, झडप लावली नि गेला." आणि कामाला लागल्या.

मोठीला छपरीत थंडी वाजू लागली. शाल आत खुंटीला होती. ती मागच्या दाराच्या काचेपाशी आली. आत सगळ्या खोकत होत्या. डोळे पुसत, वाकून, एकमेकींच्या अंगावर रेलत खोकत होत्या. धाकटीने काचेपलीकडून तिला बघितलं आणि हात जोरजोरात हलवला. आज तर अंगणात बसवलंय, तरी ह्यांचं पोट भरत नाही, असं मोठीच्या मनात आलं. ती वळली आणि छपरीत जाऊन खोक्यावर बसली. काचेकडे पाठ करून.

काही वेळाने पुढचं दार धाडकन उघडलं आणि बायका रस्त्यावर येऊन पडल्या. सुपरवायझर सिंकजवळ गाळ ढवळत शेवटपर्यंत थांबला होता. संध्याकाळी त्याला बरं वाटलं, तो पायी घरी गेला, चहाही प्यायला. दुसऱ्या दिवशी फुप्फुसात पाणी भरून तो मेला. बाकीच्या बायका कमी-अधिक दिवसांत सावरल्या. धाकटी जगली, पण तिची छाती गेली. जिना चढणं संपलं, उताणं झोपणं संपलं. दवाखान्यातून आली तेव्हा तिच्याच श्वासाला लसणीचा वास येत होता.

सरकारी तपासनीस आला, त्याने गाळाचे नमुने नेले आणि मोठीचे हातही पाहिले. पॉलिश केलेलं भिंग हातात घेतलं तर काही करत नाही, तो म्हणाला. भुकटी आत गेली की शरीर सेलेनियम श्वासावाटे बाहेर टाकतं, त्याचाच हा वास. आणि ॲसिड पडलं की त्याचा वायू सुटतो. तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं का? मोठीने नाही म्हणून मान हलवली. मालकाने सगळं मेलेल्या माणसाच्या माथी मारलं. कोरड्या चाकाबद्दल कोणी विचारलंच नाही. काही महिन्यांत कारखाना पलीकडच्या रस्त्यावर नव्या पाटीखाली सुरू झाला.

आईला खुलासा कळला, पण वळला नाही. "आत तू असायला हवी होतीस," ती मोठीला म्हणाली. "तुला काय, सवय होती." मोठीने ते ऐकलं आणि धाकटीच्या पाठीखाली उशी सारली.

एके दिवशी, आई बाजारात गेली असताना, धाकटीने विचारलं, "मी तुला हात केला होता. दिसला नाही तुला?"

"दिसला."

"बाहेरून दार उघड म्हणत होते मी. मला काही सुचत नव्हतं, आतला खटका सापडत नव्हता."

"मला वाटलं, जा म्हणतेस. रोज म्हणायचीस तसं."

"खोकत होतो आम्ही!"

"तेही रोजचंच होतं."

धाकटी भिंतीकडे तोंड करून पडली.

मोठीला लाँड्रीत इस्त्रीचं काम मिळालं. भुकटीपासून सुटली तसा तिचा वास विरत गेला. नखं हळूहळू, वेडीवाकडी का होईना, परत आली. केसही भरले. लाँड्रीतल्या बायका तिच्याशेजारी बसून डबा खात, तिच्या कानाशी लागून कुजबुजत. तिला पहिले काही दिवस त्याची भीतीच वाटली.

धाकटी खिडकीत बसून तंत्रज्ञाची वाट बघायची. दवाखान्यात तो एकदा आला होता, नंतर कामासाठी त्याला दूर पाठवलं होतं. "तो येईल," ती म्हणायची. आई म्हणायची, "येईल गं माझी राणी." मोठी तिच्या औषधाच्या गोळ्या मोजत बसायची.

तो आला. दुपारची वेळ होती, आई देवाघरी जाऊन महिना झाला होता, धाकटी औषधाच्या गुंगीत आतल्या खोलीत झोपली होती. मोठीने दार उघडलं. तिच्या डोक्यावर आता केस होते, तरी त्याने तिला ओळखलं आणि गोंधळला.

"तुम्ही... इथे?"

"मी तिची थोरली बहीण."

"त्यांनी कधी सांगितलं नाही."

"नसेल सांगितलं."

"त्या आहेत का? मला कळलंय, छातीचं दुखणं आहे. माझ्या घरच्यांशी मी बोललोय. मला चालेल. एवढंच सांगायचं होतं, मला चालेल."

मोठीने मागे वळून आतल्या खोलीच्या बंद दाराकडे बघितलं. मग ती शांतपणे म्हणाली, "मामाकडे गेली ती. तिथेच तिचं ठरलंय. चांगलं स्थळ आहे."

त्याने उंबऱ्यावरचं पाऊल मागे घेतलं. बरं झालं म्हणाला, आनंद आहे म्हणाला, आणि जिना उतरून गेला. मोठीने दार लावलं, ताट वाढून घेतलं आणि जेवली. त्या दिवशी ती पोटभर जेवली. उठल्यावर धाकटीने विचारलं, "कोणाचा आवाज होता?" ती म्हणाली, "वीजबिलवाला."

धाकटी पुढची दोन वर्षं खिडकीत बसत राहिली. मग एकदा तपासणीला दवाखान्यात गेली असताना रांगेत तो भेटला. बरोबर बायको होती, पोटुशी. त्याने चौकशी केली, तुमचे यजमान कसे आहेत म्हणून. एवढ्या एका वाक्यात धाकटीला सगळं कळलं, आणि तो दारात काय म्हणाला होता तेही तिने त्याच्याकडून काढून घेतलं.

ती रिक्षाने घरी आली. जिना बसत बसत चढली. मोठी गादीचे अभ्रे बदलत होती.

"तो... आला होता," धाकटी म्हणाली.

"आला होता."

"मला चालेल... म्हणाला होता."

"म्हणाला होता."

धाकटीला किंचाळायचं होतं, भांडी फेकायची होती. पण भांडायलाही छातीत हवा लागते. एका दमात तिला दोन-तीनच शब्द बोलता यायचे, मग थांबून श्वास ओढावा लागे. शिवीसुद्धा अर्धी राहायची. मोठी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. ती मध्ये बोलली नाही, आत निघून गेली नाही. प्रत्येक वेळी उरलेला शब्द येईपर्यंत थांबली. ऊन भिंतीवरून उतरून फरशीवर आलं, फरशीवरून गेलं, तरी धाकटीचं बोलून झालं नव्हतं. शेवटी तिचे ओठ निळे पडले, तेव्हा मोठीने औषधाचा पंप तिच्या तोंडाशी धरला.

"तू माणूस... नाहीस," धाकटी म्हणाली.

"आ कर," मोठी म्हणाली.

धाकटीने आ केला. दोघी अजून त्याच दोन खोल्यांत राहतात.